टाकीला कोणाचीच हरकत नव्हती

पाऊणरावांना जन्मतः एक साधं, चारचौघांसारखं नाव मिळालं होतं. ते आता कारखान्याच्या ओळखपत्रावर काय ते उरलं आहे. 'पाऊणराव' हे नाव त्यांना सासऱ्यांनी दिलं. सासरे निवृत्त हेडमास्तर. लग्नपत्रिकेत जावयाच्या नावापुढे मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी त्यांनी ठळक अक्षरांत छापून घेतली, पत्रिका सगळ्या नातेवाइकांत वाटून झाल्या आणि मग निकाल लागला. सगळे विषय निघाले होते, एक राहिला होता. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण हेडमास्तरांना चूक दुरुस्त केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. लग्नाला आलेल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "पत्रिकेत जरा दुरुस्ती आहे. जावई पाऊण इंजिनियर आहेत."

राहिलेला विषय होता 'डायनॅमिक सिस्टिम्स अँड कंट्रोल'. हलत्या गोष्टींना ताब्यात कसं ठेवायचं याचं हे शास्त्र. पाणी हवं तितकंच गरम कसं राहील, गाडी चढावर आणि उतारावर एकाच वेगानं कशी चालेल, असले त्यातले प्रश्न. पाऊणरावांचं म्हणणं असं, की आपला या विषयाशी काही वाकडेपणा नाही. पण परीक्षेला बसायचं ठरवलं की काहीतरी आडवं येतंच. कधी बदली, कधी कावीळ, कधी कंबर. एकदा तर ते परीक्षेच्या दिवशी ठणठणीत होते, पण परीक्षाच पुढे ढकलली गेली, आणि ज्या दिवशी झाली त्या दिवशी कंबर.

यंदा मात्र दोन बातम्या एकदम आल्या. विद्यापीठानं जाहीर केलं, की जुन्या अभ्यासक्रमाच्या मंडळींना ही शेवटची संधी. यानंतर तो अभ्यासक्रम कायमचा बंद. आणि कारखान्यानं ठरवलं, की शिफ्टचा प्रमुख पदवीधरच पाहिजे. बाकीच्यांनी स्टोअर सांभाळावं. शिफ्टप्रमुख पाऊणरावांचं आयुष्य मशीनच्या आवाजात गेलेलं. बेअरिंग कुरकुरायला लागलं की ते जेवणाच्या सुट्टीत हातातला घास ठेवून उठत. स्टोअरमध्ये बसून नटबोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. म्हणून केस पिकल्यावर ते पाठीला पिशवी लावून संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले.

तिथे पहिला धक्का बसला तो शिकवणाऱ्या मॅडमना पाहून. या मॅडम कोणे एके काळी कारखान्यात त्यांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आल्या होत्या. तेव्हाची सवय म्हणून त्या यांना 'सर' म्हणायच्या, आणि आताची रीत म्हणून हे त्यांना 'मॅडम' म्हणायचे. दारात गाठ पडली की "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" असं करत दोघंही बराच वेळ बाहेर उभी राहायची आणि आतली पोरं मजा बघायची.

मॅडमनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. एका बाजूनं एक बाण आत आला, दुसरा बाण फिरून मागून परत आला आणि त्याच्या टोकाशी मॅडमनी वजाचं चिन्ह काढलं.

"हा बाण सांगतो, किती पाहिजे. हा सांगतो, किती आहे. पाहिजे त्यातून आहे ते वजा करा. उरेल तो फरक. मशीननं त्या फरकाप्रमाणे वागायचं," मॅडम म्हणाल्या. "याला म्हणतात निगेटिव्ह फीडबॅक. हा असला की सिस्टिम ताळ्यावर राहते. पॉझिटिव्ह झाला, की गेलीच हाताबाहेर."

पाऊणराव मनातून ओशाळले. पोरीची जीभ घसरली होती. नेमक्या त्याच आठवड्यात कारखान्यात कोट घातलेला एक प्रशिक्षक येऊन गेला होता आणि त्यानं सगळ्यांना उभं करून तीनतीनदा म्हणवून घेतलं होतं, की निगेटिव्ह फीडबॅकनं माणूस खचतो आणि पॉझिटिव्ह फीडबॅकनं फुलतो. पण भर वर्गात मॅडमची चूक काढणं पाऊणरावांच्या सभ्यतेत बसेना. त्यांनी आपल्या वहीत गुपचूप 'निगेटिव्ह'चं 'पॉझिटिव्ह' करून घेतलं, वजाच्या चिन्हाला एक उभी रेघ मारून त्याचं अधिक केलं आणि मॅडमकडे बघून धीर दिल्यासारखं हसले. घरी येऊन पाठ्यपुस्तक उघडलं तर तिथेही निगेटिव्हच. पण पुस्तक जुनं होतं. त्या काळी प्रशिक्षक नव्हते.

लेखी पेपर पाठांतराच्या जोरावर कसाबसा निघाला. सूत्रं पाठ करायला ती पटावी लागत नाहीत. उरलं प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा: एक चालती प्रणाली बांधून परीक्षकांपुढे चालवून दाखवायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते एका संध्याकाळी, चहाच्या वेळी.

इथे पाऊणरावांच्या पत्नीविषयी सांगायला हवं. इमारतीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू. वहिनींचा स्वभाव हरकतीचा. पाऊणरावांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की ती वहिनींच्या हरकतीला धडकूनच पुढे जायची. त्यांनी बाल्कनीत ससे पाळायचं काढलं; वहिनी म्हणाल्या, मुळीच नाही. बाथरूमचं दार पायानं उघडायची सोय काढली; वहिनी म्हणाल्या, आणि आत कोणी असलं तर? असे कितीतरी घोटाळे जन्माला येण्याआधीच टळले होते. त्यात हेडमास्तरही याच घरात राहायला आलेले. त्यांची हरकत व्याकरणाला असायची, पण असायचीच.

तर त्या संध्याकाळी पाऊणरावांनी कप खाली ठेवला आणि घसा खाकरला.

"परीक्षा होईपर्यंत या घरात मला कोणी 'नाही' म्हणायचं नाही. मला फक्त पॉझिटिव्ह फीडबॅक पाहिजे. शास्त्रीय कारण आहे."

वहिनी शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे मी काय म्हणायचं?"

"काही नाही गं, 'काही हरकत नाही' म्हणायचं. तेवढंच."

वहिनींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुन्हा शेंगेला हात घातला.

"बरं," त्या म्हणाल्या. "काही हरकत नाही."

"माझीही नाही," हेडमास्तर वर्तमानपत्राआडून म्हणाले. "मी तर म्हणतो, धडाक्यात होऊ द्या, जावईबापू."

पाऊणरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत या टेबलावर असं एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन बादल्या आल्या. एक वर, एक खाली. खालच्या बादलीत छोटा पंप, वरच्या बादलीत पाण्यावर तरंगणारा चेंडू. चेंडूला दांडा आणि दांड्याला एक फिरकी. पाणी चढलं की चेंडू चढायचा, फिरकी फिरायची आणि डब्यातल्या सर्किटला कळायचं, की पाणी किती आहे. किती पाहिजे ते एका बटणानं ठरवायचं. एरवी ओट्यावर बादली दिसती, तर वहिनींनी ती पाऊणरावांसकट बाहेर काढली असती. आता त्या बादलीला वळसा घालून चहा करू लागल्या. "लागेल का हात तुम्हाला, सरकवू का मी गॅस?" असंही विचारू लागल्या. आणि गंमत म्हणजे प्रणाली चालली. पाणी ठरल्या रेघेला आलं, की पंप थांबायचा. कमी झालं, की सुरू व्हायचा. का चालली, ते पाऊणरावांनी स्वतःला विचारलं नाही. चालत्या गोष्टीला कारण विचारण्याची त्यांच्या कारखान्यात पद्धत नव्हती.

ते विद्यापीठात प्रात्यक्षिक नोंदवायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "प्रणाली कुठे बसवणार?"

"ओट्यावर. स्वयंपाकघराच्या."

"ओटा कोणाच्या नावावर?"

"अहो, ओटा घरात आहे. घर बायकोच्या नावावर आहे."

"मग त्यांचा ना-हरकत दाखला आणा."

पाऊणरावांनी आणला. वहिनींनी चष्मासुद्धा न लावता सही केली होती. कारकुनानं दाखला उलटसुलट करून पाहिला आणि परत सरकवला.

"हे चालणार नाही. जुन्या अभ्यासक्रमात लिहिलंय, 'औद्योगिक अथवा सार्वजनिक ठिकाणी'. स्वयंपाकघर सार्वजनिक आहे का?"

"आमच्याकडे जवळजवळ आहे," पाऊणराव म्हणाले. पण कारकुनाला विनोदाची हरकत असावी.

औद्योगिक ठिकाण म्हणून त्यांनी कारखान्यात विचारलं. सुरक्षा अधिकाऱ्यानं सर्किटचा डबा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि 'परवानगी नाही' असं स्पष्ट सांगून टाकलं. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वागलेला हा पहिला माणूस. पाऊणराव त्याच्यावर इतके रुसले, की कँटीनमध्ये त्याच्याकडे पाठ करून बसू लागले.

"मग आपल्या इमारतीची टाकी आहे की!" हेडमास्तर म्हणाले. "गच्चीवरची. सार्वजनिक आहे, मोठी आहे. बादल्यांमध्ये काय ठेवलंय?"

इमारतीचे सेक्रेटरी सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली राहायचे. ते मुळात अडवणुकीचं खातं. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तरी त्यांना अर्ज लागायचा. पण पंप चालू-बंद करायला रोज आपल्याला गच्चीचा जिना चढावा लागतो, तो आता चढावा लागणार नाही, एवढं कळल्यावर त्यांनी बैठक बोलावली आणि चहा यायच्या आत ठराव मंजूर करून टाकला. कोणाचीच हरकत नव्हती. तळमजल्यावरचे शिंपीकाका सूचना घेऊनच आले होते: टाकी भरली की गाणं वाजावं. तेही मान्य झालं. दंतवैद्यबाईंना निळा दिवा हवा होता. तोही मान्य झाला. पाऊणराव घरी आले तेव्हा त्यांची मान इतकी ताठ होती, की दाराच्या चौकटीला लागली.

"होईल ना गं सगळं नीट?" त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनींच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते पाऊणरावांना दिसलंसुद्धा. पण वहिनींनी ते गिळलं.

"छानच होईल," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

गच्चीवर सगळं बसवताना वहिनीच डबा धरून उभ्या होत्या. टाकीच्या एका बाजूला लोखंडी शिडी होती, म्हणून फिरकी तिथे बसेना. पाऊणरावांनी ती दुसऱ्या बाजूला बसवली आणि दांडा उलट्या अंगानं आत सोडला. वहिनींनी दांड्याकडे पाहिलं, पाऊणरावांकडे पाहिलं, पुन्हा दांड्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे ना?" पाऊणरावांनी विचारलं.

"काही हरकत नाही," वहिनी म्हणाल्या.

पहिल्याच सकाळी इमारतीत पाणी आलं नाही. टाकी रिकामी होत होत तळाला गेली आणि पंप ढिम्म हलला नाही. डब्यावरचा काटा मात्र 'पूर्ण भरली' दाखवत होता. एरवी लोकांनी पाऊणरावांचं दार फोडलं असतं. पण सगळ्यांनी मंजुरी दिलेली. तोंडाला फेस असलेले सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून जिन्यात आले आणि म्हणाले, "काही हरकत नाही. प्रगतीच्या कामात असं व्हायचंच." दंतवैद्यबाई दवाखान्यात जाऊन तोंड धुऊन आल्या आणि निळा दिवा फार सुरेख दिसतो म्हणाल्या. पाऊणरावांनी जुन्या बटणावर पंप चालवून टाकी अर्धी भरून घेतली आणि दोष यंत्राच्या नवखेपणावर ढकलला. तेवढ्यात परीक्षेची तारीख येऊन ठेपली.

परीक्षक बाहेरगावचे होते. उंच, वाळके, बोलण्यात काटकसरी. मॅडम त्यांच्यासोबत होत्या. गच्चीवर अख्खी इमारत जमली होती. हेडमास्तरांसाठी खुर्ची वर आणली होती. शिंपीकाका गाण्याची वाट पाहत होते. पाऊणरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हे बुडालं, की स्टोअर. मग आयुष्यभर चिठ्ठ्या.

"करा सुरू," परीक्षक म्हणाले.

काटा दाखवत होता, टाकी अर्धी आहे. पाऊणरावांनी बटण फिरवून 'पाऊण' मागितलं. हा आकडा त्यांनी मुद्दाम निवडला नव्हता, तरी हेडमास्तर खुर्चीत खुसखुसलेच. पंप धडधडला. टाळ्या वाजल्या. पाणी चढू लागल्याचा आवाज येऊ लागला, आणि काटा खाली उतरू लागला.

"कमी होतंय की," पाऊणराव पुटपुटले आणि बटण आणखी पुढे नेलं.

"वा!" हेडमास्तर म्हणाले.

काटा आणखी उतरला. पाऊणरावांनी बटण आणखी फिरवलं. टाकीच्या झाकणाखालून पाणी ओघळायला लागलं, तरी काटा ठामपणे सांगत होता, की टाकी कोरडी पडत चालली आहे. पाऊणराव इमानी माणूस. त्यांचा काट्यावर विश्वास होता. डोक्यावर पाणी पडत असताना त्यांनी बटण शेवटपर्यंत नेलं.

"सर," मॅडम म्हणाल्या.

"काही हरकत नाही, मॅडम, थोडा वेळ घेतं ते!"

"सुरेख दिवा आहे हो," दंतवैद्यबाई म्हणाल्या. त्यांच्या चपला तरंगत होत्या. सेक्रेटरींनी गच्चीच्या पन्हाळीवर आपल्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या, म्हणून पाण्याला जायला वाट उरली नव्हती. त्यानं जिना पकडला. जिन्याच्या पहिल्याच वळणावर सेक्रेटरींचं दार, आणि ते पाहुण्यांच्या स्वागतासाठी सताड उघडं ठेवलेलं. पाणी आत गेलं. गाणं काही वाजलं नाही, कारण काट्याच्या मते टाकी भरलीच नव्हती. आणि एवढं होऊनही कोणी 'थांबा' म्हणेना. जो तो एकमेकांकडे बघून मान डोलावत होता. सेक्रेटरीसुद्धा कसनुसं हसत म्हणाले, "होतं, होतं..."

"बंद करा!"

हा आवाज पाऊणरावांच्या ओळखीचा होता, पण गेल्या काही आठवड्यांत त्यांनी तो ऐकला नव्हता. वहिनी पदर खोचून पाण्यातून तरातरा आल्या, त्यांना बाजूला सारलं आणि भिंतीवरचा मुख्य स्विच खाडकन खाली ओढला. पंप थांबला.

"अहो, डोळे मिटून काय काट्याकडे बघताय! डोक्यावर पाणी पडतंय ते दिसत नाही का? आता बास! मला नाही जमायचं ते तुमचं हरकत नाही, हरकत नाही! माझी हरकत आहे! पहिल्या दिवसापासून आहे!"

परीक्षकांच्या पँटचे पाय पोटऱ्यांपर्यंत भिजले होते. त्यांनी एक पाय उचलून झटकला आणि विचारलं, "काय झालं हे? सांगू शकाल?"

पाऊणराव ओल्या शर्टात उभे होते. सगळं संपलं होतं, म्हणून असेल, पण त्यांचं डोकं एकाएकी स्वच्छ झालं. पंप चालला की पाणी वाढत होतं. पाणी वाढलं की काटा उतरत होता. काटा उतरला की पंप म्हणत होता, आणखी आण. जो तो दुसऱ्याला दुजोरा देत होता. टाकीत तेच, आणि घरात, इमारतीत, बैठकीतही तेच. नको म्हणणारं एक माणूस होतं, तर त्याच्या तोंडाला त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं.

"चिन्ह उलटं पडलंय, साहेब," ते म्हणाले. "वजाच्या जागी अधिक. पाणी जितकं जास्त होतंय, तितकं याला कमी वाटतंय. म्हणून हे आणखी मागतंय. हे आपोआप कधीच थांबणार नाही. याला 'नाही' म्हणणारं कोणीच उरलेलं नाही."

परीक्षकांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि वजा असतं तर?"

"तर जास्त झाल्यावर जास्त झालं असं ऐकू आलं असतं. जितकं जास्त, तितक्या जोरात. मी ते वर्गात लिहून घेताना..." पाऊणराव अडखळले. "मॅडम, तुम्ही निगेटिव्ह म्हणाला होतात. मी ते सुधारून घेतलं होतं."

मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्या एकदम टाकीकडे बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"नोंदणीच्या अर्जात लिहिलंय, घरी चाललं होतं. मग उलटं कुठे झालं?" परीक्षकांनी विचारलं.

हे मात्र पाऊणरावांना माहीत नव्हतं. ते वहिनींकडे वळले.

"तुझी कशाला हरकत होती गं? पहिल्या दिवसापासून?"

"सगळ्यालाच," वहिनी म्हणाल्या. मग जरा मऊ होत म्हणाल्या, "ओट्यावर दांडा उजव्या अंगाला होता. इथे डाव्या अंगाला आहे. मला तुमच्यातलं कळत नाही. पण हे तसं दिसत नाही, एवढं मला दिसत होतं. विचारणार होते. तुम्ही म्हणालात, काही म्हणायचं नाही."

पाऊणराव शिडीवर चढले. फिरकी त्या बाजूला बसवल्यामुळे चेंडू वर गेला की ती उलटी फिरत होती. कारण एवढं साधं होतं, की त्यांना हसूही आलं आणि रडूही. त्यांनी खाली येऊन फिरकीच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि स्विचला हात घालण्याआधी वळून विचारलं, "सुरू करू?"

"आधी त्या कुंड्या हलवा," वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरींनी स्वतः कुंड्या हलवल्या. पाणी गळगळ करत पन्हाळीतून गेलं. परीक्षकांनी टाकीतलं पाणी थोडं सोडून द्यायला लावलं, मग स्विच वर केला. पंप धडधडला, काटा वर चढला, ठरल्या जागेच्या जरा पुढे गेला, थोडा मागे आला आणि थांबला. पंपही थांबला. आणि शिंपीकाकांचं गाणं वाजलं, तेही भलत्याच सुरात. पण त्या दिवशी त्यालाही लोकांनी टाळ्या दिल्या.

परीक्षक जिन्याकडे निघाले. पाऊणराव त्यांच्यामागे घुटमळत होते. त्यांना विचारायचा धीर होईना.

"दरवर्षी मुलं चालणारी मॉडेल्स दाखवतात," परीक्षक चपला हातात घेत म्हणाले. "का चालतं विचारलं, की छताकडे बघतात. का बिघडलं, हे मला आज पहिल्यांदा कोणीतरी नीट सांगितलं. पास आहात तुम्ही. आणि आता मला कुठे पाय पुसायला मिळतील का?"

हेडमास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी जावयाचा हात हातात घेतला. मग खिशातून कोरडा रुमाल काढून जावयाच्या हातावर ठेवला आणि ते पाठ फिरवून कठड्याकडे गेले. पाऊणरावांनी त्या रुमालानं आधी डोळे पुसले आणि मग चेहरा.

पाहुणे गेले, लोक पांगले आणि मागे उरलं पाणी. सेक्रेटरींच्या दिवाणखान्यातला भलामोठा गालिचा पाणी पिऊन म्हशीएवढा जड झाला होता. तो खालच्या अंगणात नेऊन वाळत घालायचा होता. पाऊणरावांनी तो गुंडाळला आणि एक टोक उचललं. दुसरं टोक न बोलता वहिनींनी उचललं.

"राहू दे, तू नको," पाऊणराव म्हणाले. "आज तू नसतीस ना, तर मी त्या काट्याकडे बघत बुडालो असतो. आजच कशाला, आधीच कधीतरी. तुझे उपकार आहेत गं माझ्यावर. मी कधी बोललो नाही."

वहिनींनी गालिच्याचं टोक छातीशी धरलं होतं.

"तुम्ही 'नाही म्हणू नकोस' म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, एवढी वर्षं मी बोलत आले, ते यांना नुसती कटकटच वाटली."

"वाटली," पाऊणराव म्हणाले. खोटं बोलायचा तो दिवस नव्हता. "पण मी कधी पडलो नाही, ते त्या कटकटीमुळेच."

वहिनींनी नाक ओढलं, गालिच्याची पकड घट्ट केली आणि हनुवटीनं जिन्याकडे खूण केली. जिना अरुंद होता. एकाला उलट्या पावलांनी उतरावं लागणार होतं. पाऊणराव वळले आणि पाठीमागे काय आहे ते न बघता त्यांनी पहिली पायरी चाचपली.

"सावकाश," वरून वहिनींचा आवाज आला. "डावीकडे या. आणखी. जास्त झालं, जरा उजवीकडे. चौकट लागेल, वाका. अहो, वाका म्हटलं ना! हां. आता पायरी आहे, पाय मागे टाका. एवढा नाही, थोडाच."

पाऊणरावांनी पाय थोडा आखडता घेतला आणि तो बरोबर पायरीवर पडला.